डायलिसिस चालू आहे आणि दम लागतो: फुफ्फुसांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकला डायलिसिस युनिटमध्ये टेक्निशियन आहे. मशीनला चार तास बसलेला माणूस आणि बाहेर बाकड्यावर बसलेले त्याचे घरचे, दोघंही काय विचारतात तर क्रिएटिनिन आणि पोटॅशियम. फुफ्फुसाबद्दल कोणी विचारत नाही, आणि दम लागला की मात्र सगळे घाबरतात. म्हणून जे जे प्रश्न येतात ते इथे एकत्र लिहितोय. हे वाचून गोळी बदलू नका, तुमच्या नेफ्रोलॉजिस्टला, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, काय विचारायचं एवढं कळलं तरी पुरे.

किडनी खराब आहे, फुफ्फुस तर चांगलं होतं, मग दम का लागतो?

कारण लघवी कमी झाली की प्यायलेलं पाणी आणि खाल्लेलं मीठ अंगातच राहतं, ते आधी रक्तात साठतं, हृदयावर लोड येतो आणि मग फुफ्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांमधून पाणी बाहेर झिरपायला लागतं. फुफ्फुसात कोट्यवधी छोटे छोटे हवेचे फुगे असतात, त्यांच्या भिंती ओल्या आणि जाड झाल्या की ऑक्सिजन आत जायला वेळ लागतो आणि फुफ्फुस नीट फुगत पण नाही. आपल्याकडे द्राक्षवाल्याला हे एका वाक्यात कळतं: प्लॉटला वाफसा नाही, पाणी आहे पण मुळीला हवा नाही.

पण सगळा दोष पाण्याचा नसतो. रक्त कमी असतं, अंगात ॲसिड वाढलेलं असतं, हृदय थकलेलं असतं, श्वासाचे स्नायू पण बारीक झालेले असतात (डायलिसिसच्या पेशंटचे दंड-मांड्या वाळतात ना, तसेच छातीचे आणि छातीखालच्या पडद्याचे स्नायू पण कमजोर होतात, ते दिसत नाहीत एवढंच). त्यात कोणाला आधीपासून दमा, कोणी वीस वर्षं बिडी ओढलेली, कोणी चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेला. आणि काही आजार तर किडनी आणि फुफ्फुस दोघांना एकदमच धरतात, ल्युपस किंवा वॅस्क्युलायटिससारखे, त्यात खोकल्यातून रक्त पण येऊ शकतं. एकाच माणसात यातली तीन-तीन कारणं सापडतात. तरी माझं म्हणणं कायम एकच असतं की आधी पाणी बघा. बाकी सगळ्या तपासण्या पाणी निघाल्यावर.

"फुफ्फुसात पाणी" आणि "छातीत पाणी" एकच ना?

नाही. फुफ्फुसाच्या आत ओल धरली तर ती डायलिसिसने निघते, बऱ्याचदा एका बैठकीत फरक पडतो, आलेला माणूस धापा टाकत असतो आणि दोन तासांनी चहा मागतो. छातीत पाणी म्हणजे फुफ्फुसाच्या बाहेर, त्याच्या आवरणाच्या दोन पदरांमध्ये जमलेलं. ते पण जास्तीच्या पाण्याने होऊ शकतं, पण ते टीबीने होतं, न्यूमोनियाने होतं, युरिया फार वाढल्याने आवरणाला सूज येऊनही होतं. म्हणून एका बाजूलाच पाणी आहे, ताप आहे, किंवा चार-पाच डायलिसिस नीट झाले तरी कमी होत नाही, तर डॉक्टर सुई घालून ते काढून तपासायला पाठवतात. त्याला घाबरून नाही म्हणू नका.

झोपलं की दम लागतो आणि उठून बसलं की बरं वाटतं, असं का?

आडवं झाल्यावर पायातलं आणि पोटातलं पाणी छातीकडे सरकतं. दोन उशा लागायला लागल्या, किंवा मध्यरात्री उठून खिडकीपाशी जाऊन बसावंसं वाटतं, तर ते पाणी वाढल्याचंच लक्षण धरा आणि पुढच्या डायलिसिसला गेल्या गेल्या सांगा. पुष्कळ लोक हे सांगतच नाहीत, "झोप येत नाही" एवढंच सांगतात आणि झोपेची गोळी मागतात. आणि एक, पायाला सूज नाही म्हणजे फुफ्फुस कोरडं आहे असं समजू नका. पाय साफ आणि फुफ्फुस ओलं असं भरपूर वेळा असतं.

माझं वजन ड्राय वेटवरच येतं तरी दम लागतो, मग मशीन बरोबर पाणी काढत नाही का?

बहुतेक वेळा मशीन बरोबरच काढत असतं, ड्राय वेट जुनं झालेलं असतं. हा मुद्दा जरा सविस्तर लिहितो कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

ड्राय वेट म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी निघून गेल्यावरचं वजन, ज्याच्यावर दम नाही, सूज नाही, बीपी फार वर नाही आणि डायलिसिस संपताना क्रॅम्प पण येत नाहीत. आता हा आकडा एकदा फाईलवर लिहिला की लोक तो आधार नंबरसारखा कायमचा समजतात. पण माणूस आजारी पडला, जेवण सुटलं, तर मांस आणि चरबी कमी होते आणि त्या जागी पाणी भरतं, काट्यावर आकडा तोच.

निफाडकडचे एक काका आहेत, त्यांचं ड्राय वेट ५४ किलो. मध्ये त्यांना महिनाभर ताप होता, जेवण जेमतेम अर्धी भाकरी. प्रत्येक वेळी ५४ वरच मशीनवरून उतरायचे आणि तरी जिना चढताना दम. घरचे म्हणायचे वजन तर बरोबर आहे. मग डॉक्टरांनी काय बघितलं तर त्यांच्या पँटला लावलेला पट्टा. दोन भोकं आत गेलेला, वरून सुतळीने पण बांधलेलं. म्हणजे खरं अंग ५१-५२ चं झालं होतं आणि वरचं दोन-तीन किलो नुसतं पाणी. थोडं थोडं करून, दर वेळी तीनशे-चारशे मिली जास्त काढत ड्राय वेट खाली आणलं आणि दम गेला, एक पण नवीन गोळी न लावता.

याचं उलट पण होतं, तब्येत सुधारली, खाणं वाढलं की खरं वजन वाढतं आणि जुन्याच ड्राय वेटवर ओढत राहिलं तर बीपी पडतं, पोटऱ्या आखडतात. म्हणून कपडे सैल झाले, अंगठी किंवा बांगड्या ढिल्या झाल्या, हे मोठ्या आजारानंतर स्वतःहून सांगा. आजकाल काही डॉक्टर फुफ्फुसाची सोनोग्राफी करतात, बेडवरच होते, फुफ्फुसात ओल असेल तर पडद्यावर वरून खाली पांढऱ्या रेघा दिसतात, जितकी ओल तितक्या रेघा. चांगली गोष्ट आहे, पण पँटच्या पट्ट्याची माहिती मात्र घरच्यांनीच द्यायची असते.

मग एकदाच सगळं पाणी काढून टाका ना, कशाला राखून ठेवता?

हे रोज ऐकतो. पाणी आम्ही रक्तातून काढतो, आणि अंगातलं पाणी रक्तात यायला वेळ लागतो. भराभर ओढलं की रक्तवाहिनी रिकामी पडते, बीपी कोसळतं, हृदयाला झटका बसतो. साधारण धरलेली मर्यादा म्हणजे दर किलो वजनाला तासाला १३ मिली. ५० किलोच्या माणसाचे तासाला ६५० मिली, चार तासांत २.६ लिटर. आता हाच माणूस पाच किलो वाढवून आला आणि वर म्हणतो आज तीनच तासात सोडा, लेकीकडे जायचंय, तर गणित कसं जमणार? जास्त पाणी आलं तर वेळ वाढवायचा किंवा एक जादा डायलिसिस करायचं, हाच रस्ता आहे.

आठवड्याला दोनच डायलिसिस घेतो, चालतं का?

लघवी बऱ्यापैकी होत असेल तर काही जणांना डॉक्टर दोनवर ठेवतात. पण लघवी बंद असेल तर तीन लागतातच. आपल्या जिल्ह्यात अडचण पैशाची कमी आणि अंतराची जास्त आहे, पेठ-सुरगाण्याहून किंवा कळवणहून येणाऱ्याचा अख्खा दिवस जातो, सोबत आलेल्याची रोजंदारी बुडते, म्हणून लोक दोनवर भागवतात. महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसतं, त्र्यंबक नाक्याच्या सिव्हिलला पण होतं, निदान खर्चामुळे तरी तिसरं सोडू नका.

आणि गॅप. आठवड्याला तीन घेणाऱ्यांना पण एक गॅप दोन दिवसांचा येतोच, शनिवार ते मंगळवार किंवा शुक्रवार ते सोमवार. त्या मोठ्या गॅपनंतरच ॲडमिट होण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण जास्त असतं हे मोठ्या अभ्यासात दिसलेलं आहे. आमच्याकडे पण धापा टाकत येणारे बहुतेक त्याच दिवशी येतात, आणि लग्नसराईत तर विचारू नका.

ऑक्सिमीटर ९८ दाखवतो तरी दम लागतो, मशीन खराब आहे का?

नसेल खराब. ऑक्सिमीटर फक्त एवढंच सांगतो की रक्तात जेवढं हिमोग्लोबिन आहे त्यातलं किती टक्के ऑक्सिजनने भरलंय. हिमोग्लोबिनच ६ असेल तर ते सगळंच्या सगळं भरलेलं असलं तरी माल कमीच. डायलिसिसवाल्यांचं एचबी साधारण १० ते ११.५ च्या आसपास ठेवायचं असतं, त्यासाठी ते रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन आणि आयर्न असतं, ते चुकवू नका.

दुसरं कारण ॲसिड. डायलिसिस चुकलं की रक्तात आम्ल वाढतं आणि शरीर ते श्वासावाटे बाहेर टाकायला बघतं, माणूस खोल खोल आणि भरभर श्वास घेतो, एक्सरे साफ, ऑक्सिजन छान, तरी श्वास जोरात. बघणाऱ्याला वाटतं दमा आहे. नाही, डायलिसिस पाहिजे.

आणि ऑक्सिमीटर फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेल्या रक्तवाहिनीच्या) हाताला लावू नका, दुसऱ्या हाताला लावा, कारण त्या हाताच्या बोटांना कधी कधी रक्त कमी पोचतं आणि आकडा खोटा येतो. बोट गार असेल किंवा नेलपेंट असेल तरी तेच.

डॉक्टरांनी पीएफटी लिहून दिलीय, ती काय असते आणि कधी करायची?

फुंकण्याची तपासणी. नाकाला चिमटा लावतात, तोंडात नळी, पूर्ण श्वास भरून घ्यायचा आणि जीव खाऊन फुंकायचं, सहा सेकंद तरी फुंकत राहायचं. असं निदान तीनदा नीट जमेपर्यंत करून घेतात, शेजारी उभा असलेला माणूस "अजून, अजून, अजून" असं ओरडतो त्याचा राग मानू नका. दोन मुख्य आकडे निघतात: पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर आली तो एफईव्ही वन, आणि एकूण किती आली तो एफव्हीसी.

आता कधी करायची, हे कागदावर कोणी लिहीत नाही आणि खरा घोळ तिथे होतो. डायलिसिसच्या आदल्या दिवशी, अंगात तीन लिटर पाणी असताना फुंकलं तर एफव्हीसी कमीच येणार. तोच माणूस डायलिसिस झाल्यावर फुंकेल तर बऱ्याच जणांचे आकडे वाढलेले दिसतात, आणि जेवढं पाणी जास्त निघालं तेवढा फरक जास्त. म्हणजे पहिला रिपोर्ट फुफ्फुसाचा नसून पाण्याचा असतो. शक्यतो डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी, ड्राय वेटच्या जवळ असताना करा. लगेच मशीनवरून उठून पण नको, तेव्हा माणूस थकलेला असतो, बीपी लो असतं, फुंकायला ताकद नसते. पुढच्या वेळी परत करायची झाली तर तशाच दिवशी करा, नाहीतर तुलना कशाची कशाशी होणार. फॉर्मवर किंवा रिपोर्टच्या कोपऱ्यात त्या दिवसाचं वजन आणि शेवटचं डायलिसिस कधी झालं ते पेनाने लिहून ठेवा.

डीएलसीओ म्हणून अजून एक भाग असतो, त्यात फुफ्फुसातून रक्तात गॅस किती जातो ते कळतं. त्याच्यासाठी एचबीचा ताजा रिपोर्ट सोबत न्या, कारण रक्त कमी असलं की हा आकडा आपोआप कमी येतो आणि तो सुधारून घ्यावा लागतो. डायलिसिसवाल्या पुष्कळ लोकांचा हा आकडा पाणी काढल्यावर पण थोडा कमीच राहतो, ते बघून लगेच धास्ती घेऊ नका.

अलीकडे हार्ट अटॅक आला असेल, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल, तर आधीच सांगा. बीपी फिस्टुलाच्या हातावर घेऊ देऊ नका, तिथल्या माणसाला माहीत नसतं.

रिपोर्टवर "रिस्ट्रिक्टिव्ह" लिहिलंय, म्हणजे फुफ्फुस कायमचं गेलं का?

नाही हो. रिस्ट्रिक्टिव्ह म्हणजे फुफ्फुस पुरतं फुगत नाहीये, कारण पाणी असेल, छातीत पाणी असेल, स्नायू कमजोर असतील, पोट फुगलेलं असेल. डायलिसिसवाल्यांत हाच प्रकार जास्त सापडतो. आणि साध्या फुंकण्याच्या टेस्टवर त्याचा फक्त संशय घेता येतो, पक्कं सांगायला फुफ्फुसाची पूर्ण क्षमता मोजावी लागते. ऑब्स्ट्रक्टिव्ह लिहिलं असेल, म्हणजे एफईव्ही वन भागिले एफव्हीसी हा आकडा ०.७० च्या खाली, तर श्वासाच्या नळ्या अरुंद आहेत, दमा किंवा सीओपीडीची (बिडी-धुराने होणाऱ्या जुनाट श्वासाच्या आजाराची) बाजू. पाण्यामुळे बारीक नळ्यांना सूज येऊन पण शिट्टीसारखा आवाज येतो, जुने डॉक्टर त्याला हृदयाचा दमा म्हणायचे. त्याला नुसतं नेब्युलायझर देऊन भागत नाही.

मशीनला बसल्यावरच दम किंवा खोकला सुरू होतो, का?

पहिल्या तासाभरात ऑक्सिजन थोडा खाली येतो हे जुनं ठाऊक असलेलं आहे. पूर्वी ॲसिटेटचं द्रावण आणि वेगळ्या प्रकारचे फिल्टर वापरायचे, तेव्हा रक्त फिल्टरला लागलं की पांढऱ्या पेशी फुफ्फुसात जाऊन अडकायच्या. आता बायकार्बोनेट आणि नवीन फिल्टरमुळे ते बरंच कमी झालंय. पण सुरू केल्यावर काही मिनिटांतच छाती आवळली, खाज सुटली, अंगावर गांधी उठल्या, शिट्टी वाजायला लागली तर ती फिल्टरची रिॲक्शन असू शकते, लगेच हाक मारा, "थोडं थांबून बघू" नको. मानेत कॅथेटर (डायलिसिसची नळी) असेल आणि थंडी वाजून ताप आला तर तेही लगेच. कॅथेटरचं इन्फेक्शन रक्तातून फुफ्फुसापर्यंत जातं.

टूडी एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) "पीए प्रेशर वाढलंय" असं आलंय.

म्हणजे हृदयाकडून फुफ्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतला दाब वाढलाय. डायलिसिसवाल्यांत हे भरपूर दिसतं. जास्तीचं पाणी हे एक कारण, हृदयाची डावी बाजू ताठर झालेली हे दुसरं, आणि फिस्टुला फार जोरात वाहत असेल, मिनिटाला दीड-दोन लिटरच्या वर, तर ते तिसरं. त्यामुळे एको पण डायलिसिसनंतर, ड्राय वेटवर असताना परत बघतात आणि तेव्हा दाब उतरलेला असला की विषय संपला. नेटवरून फुफ्फुसाच्या दाबाच्या महागड्या गोळ्यांची नावं काढून आणू नका.

खोकला जात नाही. टीबी असेल का?

असू शकतो, आणि हा प्रश्न विचारलात ते बरं केलंत. किडनी फेल असलेल्यांना टीबीचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो कारण प्रतिकारशक्ती कमी असते. त्यात त्यांचा टीबी फसवा, खोकला नसतोच कधी कधी, नुसतं भूक मेली, वजन उतरलं, संध्याकाळी कणकण, आणि ही सगळी लक्षणं किडनीचीच म्हणून सोडून दिली जातात. फुफ्फुसाबाहेर, गाठींमध्ये किंवा छातीच्या आवरणात टीबी होण्याचं प्रमाण पण जास्त. दोन आठवड्यांच्या वर खोकला किंवा बारीक ताप असेल तर थुंकी तपासा, एक्सरे काढा, सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहे.

टीबी निघालाच तर टीबीवाल्या डॉक्टरांना "माझं डायलिसिस चालू आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा. काही गोळ्यांचा डोस वेगळा असतो आणि त्या डायलिसिस झाल्यावरच घ्यायच्या असतात, आधी घेतल्या तर मशीनवर निघून जातात. रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे बीपीच्या काही गोळ्यांचा असर कमी होतो, बीपी अचानक वर गेलं तर ते कारण असू शकतं.

सगळा खोकला टीबीचा नाही अर्थात. रात्री आडवं झाल्यावर येणारा खोकला पाण्याचा असू शकतो. रामिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्यांनी कोरडा ठसका येतो, गोळी बदलली की जातो. आणि ॲसिडिटीचा असतो.

पाणी किती प्यायचं? आणि मिसळ?

साधारण हिशोब: काल जेवढी लघवी झाली ती अधिक अर्धा लिटर. लघवी बंदच असेल तर दिवसाचं सगळं मिळून अर्धा-पाऊण लिटर. यात चहा, ताक, वरणाचं पाणी, आमटी, गोळ्या घ्यायला लागणारं पाणी, बर्फ, सगळं आलं. दोन डायलिसिसच्या मधल्या काळात वजन दोन-अडीच किलोच्या वर जाऊ नये असं बघा. एक लिटर म्हणजे एक किलो, दुसरं काही त्यात नाही.

पण खरी गोष्ट अशी की पाणी कमी प्या म्हणून ओरडण्यात अर्थ नाही, मीठ कमी केल्याशिवाय तहान थांबतच नाही. दिवसाला पाच ग्रॅम मीठ, म्हणजे सगळ्या जेवणात मिळून एक छोटा चमचा. आपल्या नाशिककराचं काय, सकाळी मिसळ, त्यावर फरसाण, वरून तर्री दोनदा, सोबत पापड, दुपारी लोणचं, संध्याकाळी चिवडा. एवढं मीठ पोटात गेल्यावर माणूस तांब्याभर पाणी पिणारच, तो बिचारा काय करेल. डायबेटिस असेल आणि शुगर तीनशे असेल तरी तहान लागते, तिथे शुगरच आणावी लागते. मेडिकलमध्ये मिळणारं लो सोडियम मीठ मात्र बिलकुल आणू नका, त्यात पोटॅशियम घातलेलं असतं आणि ते हृदय बंद पाडू शकतं.

द्राक्षं? आहारतज्ञांना विचारून मोजून चार-सहा मणी, आणि त्यातलं पाणी पण धरा. बेदाणे-मनुके नाही, वाळवल्यावर पोटॅशियम एकवटतं.

पोटाचं डायलिसिस करतो, त्याने श्वासावर परिणाम होतो का?

या प्रकारात मशीनऐवजी पोटात औषधी पाणी भरून रक्त साफ करतात. पोटात असं दोन लिटर पाणी भरलं की छातीचा पडदा वर ढकलला जातो, त्यामुळे थोडं भरल्यासारखं वाटतं, बहुतेकांना काही दिवसांत सवय होते. पण थोड्या लोकांत पडद्याच्या बारीक फटीतून ते पाणी छातीत जातं, जास्त करून उजव्या बाजूला. पाणी भरल्यावर दम वाढतोय आणि बाहेर येणारं पाणी कमी येतंय, असं जोडीने दिसलं तर पुढचं भरणं थांबवून फोन करा.

घोरतात फार, मध्येच श्वास थांबतो.

स्लीप ॲप्निया. डायलिसिसवाल्यांत खूप आहे, बारीक अंगाच्या माणसात पण. दिवसा पायात साठलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर मानेकडे येतं आणि श्वासाची वाट अरुंद करतं, हे एक कारण. घरच्यांनी मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा, पेशंट स्वतः कबूल करत नाही. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका, त्याने श्वास अजून दबतो.

दम्याचा पंप चालू ठेवू का? काढा घेतला तर?

पंप चालू ठेवा, बंद करायचं कारण नाही, फक्त कोणता आणि किती ते डॉक्टरांना दाखवा, कारण काही औषधं किडनीवाटे बाहेर जातात. आणि दमा असेल तर बीपीसाठी कार्व्हेडिलॉलसारखी गोळी चालू आहे का तेही बघून घ्या, तिने नळ्या आवळू शकतात.

काढ्याबद्दल वाईट वाटेल पण सांगतो. एक तर ते पाणी आहे. दुसरं, खोकल्यावर आपल्या घरोघरी ज्येष्ठमध देतात, ते जास्त घेतलं तर अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं आणि बीपी वाढवतं, म्हणजे नेमकं नको तेच. भस्मं तर नकोच.

तीन बॉलवालं यंत्र दिलंय, त्याने काय होतं? प्राणायाम करू का?

करा. यंत्रात श्वास आत ओढायचा असतो, फुंकायचा नाही, निम्मे लोक फुंकतात. श्वासाचे स्नायू रोज थोडे वापरले तर ताकद वाढते हे डायलिसिसच्या पेशंटमध्ये बघितलेलं आहे. जोडीला सपाट रस्त्यावर चालणं, सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर जा किंवा गल्लीतच फेऱ्या मारा. प्राणायामात हळू, लांब श्वास चांगला. जोरजोरात कपालभाती बीपी जास्त असताना नको, आणि पोटाचं डायलिसिस असेल तर पोटात पाणी असताना अजिबात नको.

लसी कोणत्या?

फ्लूची दरवर्षी, न्यूमोकॉकलची डॉक्टर सांगतील त्या क्रमाने, हिपॅटायटिस बी ची तर युनिटमध्ये देतातच. दंडात, पण फिस्टुलाच्या हाताला नाही.

थंडी, धूर, फवारणी यांचं काय?

निफाडच्या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत कडाका असतो, पहाटेच्या शिफ्टला मोटारसायकलवर येणारे गारठून येतात. नाक-तोंड झाकून या. शेकोटीच्या धुरात बसू नका. बागेत फवारणी चालू असेल तेव्हा पेशंटने मळ्यात थांबायचं कारण नाही, कांदा चाळीतली धूळ पण तशीच. सातपूर-अंबडला धुळीच्या कामावर असाल तर मास्क लावा आणि साहेबांना सांगून काम बदलून घ्या. बिडी-सिगरेटबद्दल वेगळं काय लिहू.

वणीच्या गडावर जाऊ शकतो का?

डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी, ट्रॉलीने, खुशाल. पायऱ्यांनी नको. मोठ्या गॅपच्या शेवटच्या दिवशी मुळीच नको. सिंहस्थात रामकुंडावर स्नानाच्या दिवशी रस्ते बंद असतात, तेव्हा डायलिसिसला पोचायचं कसं ते युनिटशी आधीच बोलून ठेवा.

ट्रान्सप्लांट झाल्यावर फुफ्फुस सुधारतं का?

बऱ्याच जणांचं सुधारतं, पाण्याचा आणि रक्त कमी असण्याचा भाग निघून जातो ना. बिडीने झालेलं नुकसान मात्र ट्रान्सप्लांटने भरून येत नाही. आणि नंतरच्या गोळ्यांनी इन्फेक्शनचा धोका वाढतो, तेव्हा खोकला-ताप अंगावर काढायचा नाही.

रात्री अचानक खूप दम लागला तर नेमकं काय करायचं?

झोपवू नका. पाय खाली सोडून ताठ बसवा, खिडकी उघडा, पाणी पाजू नका (घाबरलेल्या माणसाला आधी पाणीच देतात सगळे). घरात ऑक्सिजन असेल तर लावा. १०८ ला फोन करा. जिथे रात्री डायलिसिस होतं अशाच दवाखान्यात न्या, ते कुठे आहे हे आजच विचारून ठेवा, कारण लघवी होत नसेल तर लॅसिक्सच्या (लघवी वाढवणाऱ्या) इंजेक्शनने काही होत नाही आणि नुसत्या ऑक्सिजनवर रात्र काढण्यात वेळ जातो. ओठ निळे पडले, गुलाबी फेस आला, बोलताना वाक्य पुरं होईना, छातीत दुखतंय, तर सकाळच्या शिफ्टची वाट बघायची नाही.

सोबत डायलिसिसची फाईल घ्या. त्यात ड्राय वेट, शेवटचं डायलिसिस कधी झालं, तेव्हा किती वजनावर उतरले, कावीळ बी-सी आणि एचआयव्हीचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी हवी. हे रिपोर्ट नसले की कुठल्या मशीनवर घ्यायचं यावरच अर्धा तास जातो, म्हणून सगळ्याचे फोटो घरातल्या दोघांच्या तरी मोबाईलमध्ये ठेवा.